नॉयश्वानस्टाइन मध्ययुगीन नाही हो! खरा जुना किल्ला बघायचा तर हार्त्सबुर्गला या, जिथे किल्लाच उरलेला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या किल्ल्यांवर पानभर लेख आला होता, तो पुण्याहून बहिणीने फोटो काढून पाठवला. मी कामानिमित्त जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहतो, त्यामुळे असलं काही छापून आलं की घरचे आवर्जून पाठवतात. लेख छानच आहे, भाषा पण मस्त, पण दोन गोष्टी खटकल्या आणि गप्प बसवेना म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण मुद्दा तेवढा ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे नॉयश्वानस्टाइनच्या फोटोखाली तुम्ही ‘जर्मनीतील मध्ययुगीन किल्ला’ असं छापलंय. अहो तो किल्ला मध्ययुगीन बिलकुल नाही! त्याची पायाभरणी झाली १८६९ साली, बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याच्या डोक्यातलं स्वप्न होतं ते, आणि तिथे लढाई सोडा, साधा पहारा बदलायची पण कधी गरज पडली नसेल. १८८६ च्या जूनमध्ये राजा गेला आणि दोन महिन्यांच्या आत तिकीट लावून लोकांना आत सोडायला सुरुवात झाली. आणि गंमत म्हणजे त्याच कड्यावर खरोखरचे दोन छोटे मध्ययुगीन किल्ले होते, पडझड झालेले का होईना पण अस्सल, ते उरलंसुरलं सगळं काढून, खडक सुरुंगाने उडवून खाली घेतला आणि मग हा नवा महाल उभा राहिला. म्हणजे ज्याला आपण जुना किल्ला म्हणून लाइक करतो तो जुने किल्ले मोडून बांधलेला आहे.

दुसरी गोष्ट जास्त लागली. लेखाच्या शेवटी एक वाक्य आहे की जर्मन लोकांनी आपला एकेक किल्ला जिवापाड जपला आणि आपण मात्र गडांची दुर्दशा केली. आता आपल्या गडांची हेळसांड झाली हे कोण नाकारतंय, पण जर्मनांनी एकेक किल्ला जपला हे कुठून काढलं? २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या एकाच बैठकीत आपले बारा मराठा किल्ले यादीत गेले आणि लुडविगचे महालही गेले, त्यावरूनच तुमचा लेख सुचला असणार. पण त्या एका चकचकीत महालावरून अख्ख्या देशाचं माप काढू नका. इथे डोंगराडोंगरावर असे किल्ले होते ज्यांचं आज फक्त जोतं दिसतं, आणि त्यातला एक माझ्या घरापासून ट्रेनने पाऊण तासावर आहे. त्याची गोष्ट सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

हार्त्स नावाची डोंगररांग आहे, उत्तर जर्मनीचं सपाट मैदान जिथे संपतं तिथे ती एकदम उठते. तिच्या अगदी कडेला बाड हार्त्सबुर्ग हे गाव आणि गावाच्या डोक्यावर बुर्गबेर्ग नावाचा डोंगर, उंची पाचशे मीटरला जराशी कमी. वर जुना हार्त्सबुर्ग किल्ला होता. तो बांधला जर्मन राजा हेन्री चौथ्याने, १०६५ ते १०६८ च्या सुमारास. जवळच गोसलार शहर आहे, तिथे राजाचा मोठा वाडा आणि शेजारी रामेल्सबेर्गची चांदीची खाण (ती खाण थेट १९८८ पर्यंत चालू होती, विचार करा). थोडक्यात राजाची तिजोरी खाली आणि किल्ला वर, जागा नेमकी हेरलेली.

हा हेन्री कोण ते थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाप वारला तेव्हा पोराला सहा वर्षंही पुरी नव्हती, १०५६ ची गोष्ट. कारभार आईकडे आला. १०६२ मध्ये कोलोनच्या आर्चबिशपने या पोराला राइन नदीवर नवी नाव दाखवतो म्हणून नावेत बसवलं आणि सरळ पळवून नेलं, घाबरून पोराने नदीत उडी मारली तर त्याला बाहेर ओढून काढलं. अशा वातावरणात वाढलेला माणूस पुढे कोणावर विश्वास टाकेल? १०६५ मध्ये तो वयात आला आणि हातात सत्ता येते न येते तोच त्याने साक्सन मुलखात किल्ल्यांचा सपाटा लावला. (साक्सन म्हणजे आजचं ड्रेस्डेनवालं साक्सनी राज्य नव्हे, तेव्हाचा साक्सन मुलूख म्हणजे साधारण आजचं लोअर साक्सनी आणि आजूबाजूचा भाग.) साक्सनश्टाइन, हासनबुर्ग, श्पाटनबेर्ग अशी बरीच नावं आहेत, पण सगळ्यात देखणा आणि मजबूत हार्त्सबुर्ग. बांधकामावर देखरेख बेन्नो नावाच्या धर्मगुरूची, जो पुढे ओस्नाब्रुकचा बिशप झाला आणि ज्याने श्पायरच्या कॅथेड्रलचा पाया राइनच्या पुरापासून वाचवला. बिशप आणि सिव्हिल इंजिनिअर एकाच माणसात, तेव्हा हे चालायचं.

किल्ल्यावर नुसती तटबंदी नव्हती. राजाचं राहतं घर, एक चर्च, त्याचे पुजारी, आणि त्या चर्चमध्ये राजाने आपल्या घरची दोन लेकरं पुरली, लहानपणीच गेलेला भाऊ कोनराड आणि १०७१ मध्ये जन्मला आणि लगेच गेला तो स्वतःचा मुलगा. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच फिरतं.

आता साक्सन लोकांच्या बाजूने बघा. डोंगरावर किल्ला, त्यात शिबंदी दक्षिणेकडच्या श्वाबेनमधून आणलेल्या परक्या माणसांची, ती खाली उतरणार, धान्य नेणार, जनावरं नेणार, बांधकामाला वेठीला धरणार, आणि राजा म्हणणार की या जमिनी माझ्या बापजाद्यांच्या, मी फक्त परत घेतोय. वर त्यांच्या सरदारांशी पण वाकडं. नॉर्थाइमचा ओटो हा बव्हेरियाचा ड्यूक होता, त्याच्यावर राजाच्या खुनाचा कट रचल्याचा आळ घेतला आणि १०७० मध्ये ड्यूकपद काढून घेतलं. त्याचा साथीदार माग्नुस याला तर याच हार्त्सबुर्गात कैदेत टाकलं.

१०७३ च्या उन्हाळ्यात भडका उडाला. साक्सन फौज किल्ल्याला भिडली आणि राजा आत अडकला. ऑगस्टच्या ९ आणि १० तारखेच्या मधल्या रात्री तो निसटला. हेर्सफेल्ड मठातला लाम्बर्ट नावाचा साधू होता, त्याने हे सगळं लिहून ठेवलंय, तो म्हणतो की एका शिकाऱ्याच्या मागोमाग राजा तीन दिवस जंगलातून उपाशी चालला. हा लाम्बर्ट राजाच्या विरोधातला, त्यामुळे त्याच्या हाल अपेष्टांच्या वर्णनाला थोडा मसाला असणार हे धरून चाला, आणि दुसरा साक्सन लेखक ब्रुनो तर राजाचं नाव काढलं की दातओठ खातो. राजाची बाजू घेणारं एक लॅटिन काव्य पण आहे, ते उलट्या टोकाचं. म्हणजे बखरींचं जे होतं तेच, कोणाची बखर वाचता त्यावर राजा ठरतो. माग्नुसचं काय झालं तर साक्सनांनी ल्युनेबुर्गात राजाची ७० माणसं पकडली होती, त्या ७० जणांच्या बदल्यात तो सुटला. एकाला सत्तर, असा भाव.

हेन्रीला कोणी सरदार धड साथ देईना. मध्ये फक्त वर्म्स शहराच्या लोकांनी आपल्या बिशपला हाकलून राजाला दरवाजे उघडले, त्याचं बक्षीस म्हणून जानेवारी १०७४ मध्ये राजाने तिथल्या ज्यू आणि इतर रहिवाशांना जकात माफ केली. ते सोडा. २ फेब्रुवारी १०७४ ला गेरश्टुंगनला तह झाला आणि राजाला कबूल करावं लागलं की साक्सन मुलखातले माझे किल्ले पाडतो. हार्त्सबुर्गच्या बाबतीत त्याने चलाखी केली, तट तेवढा पाडायला सांगितला, चर्च आणि घरं तशीच ठेवली. कागदावर तह पाळला, किल्ला पण राहिला. असं करणारे सगळीकडे भेटतात.

आणि मग मार्च १०७४ मध्ये आजूबाजूचे शेतकरी वर चढले. सरदारांना विचारलं नाही, कोणाची परवानगी नाही. जे उभं होतं ते पाडलं, चर्च जाळलं, वेदी फोडली, आणि ती दोन लेकरांची थडगी उकरून हाडं इकडेतिकडे फेकली.

मला या ठिकाणी नेहमी थांबायला होतं. इतकी वर्षं ज्यांचं धान्य त्या किल्ल्यावर गेलं त्यांचा राग समजतो, तट पाडायचा करार पण झालेला होता, किल्ला पाडला म्हणून त्यांना कोणी फार बोललं नसतं. पण थडगी उकरली आणि एका दिवसात पारडं फिरलं. साक्सन सरदार स्वतः हादरले, आम्हाला माहीत नव्हतं, हे गावकऱ्यांनी केलं असं सांगत सुटले. राजाने ही तक्रार थेट रोमला पोपकडे पण नेली. जे सरदार आदल्या वर्षी राजाला तोंड दाखवत नव्हते ते आता त्याच्या झेंड्याखाली आले, कारण आता हे भांडण किल्ल्याचं राहिलं नव्हतं, देवळाच्या आणि मेलेल्यांच्या विटंबनेचं झालं होतं. ९ जून १०७५ ला लांगेनझाल्झाजवळ उनश्ट्रुट नदीकाठी लढाई झाली, साक्सन सरदार घोड्यांवर होते ते निसटले, पायी असलेले शेतकरी कापले गेले. सरदार सुटले, शेतकरी मेले, हे लिहिताना पण राग येतो.

त्याच वर्षाच्या शेवटी साक्सन शरण आले, आणि राजाने किल्ला पुन्हा बांधायचं काम दिलं कोणाला, तर नॉर्थाइमच्या ओटोला! ज्याने बंड केलं त्यालाच म्हणाला घे, आता तूच बांध. पण १०७६ उजाडलं आणि राजाचं पोप ग्रेगरी सातव्याशी वाजलं, पोपने त्याला धर्मातून बाहेर काढलं, साक्सन परत उठले, ओटो परत त्यांच्यात गेला आणि बांधकाम राहिलं तिथेच. जानेवारी १०७७ मध्ये हेन्री आल्प्स ओलांडून इटलीत कानोसाच्या किल्ल्याखाली बर्फात तीन दिवस अनवाणी उभा राहिला ती प्रसिद्ध गोष्ट ही याच माणसाची. पोपशी भांडण दुसऱ्या कारणाने होतं, बिशप कोणी नेमायचे यावरून, पण घरात साक्सन उभे पेटलेले नसते तर त्याला एवढं वाकावं लागलं असतं का, मला नाही वाटत.

मग शंभर वर्षं डोंगरावर नुसते दगड. ११८० मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने किल्ला नव्याने उभा केला. त्याचं भांडण होतं हेन्री ‘सिंह’ याच्याशी, म्हणजे आमच्या ब्राउनश्वाइगला राहणाऱ्या साक्सन ड्यूकशी, ज्याचा ब्राँझचा सिंह इथे चौकात आहे. या सिंहाला धाकात ठेवायला किल्ला पाहिजे होता. आणि पुढे काय झालं बघा, या सिंहाचाच मुलगा ओटो चौथा सम्राट झाला, १२०९ मध्ये रोमला मुकुट चढला, पुढच्याच वर्षी पोपने बहिष्कृत केलं, १२१४ मध्ये फ्रान्सच्या राजाकडून बुव्हिनला सपाटून हरला, आणि सगळीकडून मागे सरत सरत शेवटी याच हार्त्सबुर्गात येऊन १९ मे १२१८ ला वारला. बापाला दाबायला बांधलेल्या किल्ल्यात मुलाने प्राण सोडला. मरायच्या आधी पापं धुवायला म्हणून त्याने पाद्र्यांकडून स्वतःला छड्या मारून घेतल्या, ते मारत होते आणि हा अजून जोरात म्हणत होता असं वर्णन आहे. मृत्युपत्रात भावाला सांगून गेला की राजचिन्हं वीस आठवडे सांभाळ आणि मग जो एकमताने निवडला जाईल त्याला दे. ब्राउनश्वाइगच्या कॅथेड्रलमध्ये आईवडिलांशेजारी त्याला पुरलंय. टुरिस्ट येतात ते सिंहाचा फोटो काढतात आणि जातात, ओटोला कोण विचारतो!

त्यानंतर किल्ला उतरणीला लागला. काउंट लोकांच्या हातात गेला, गहाण पडला, मध्ये वाटमाऱ्या करणाऱ्या सरदारांचा अड्डा पण झाला, आणि तोफा आल्यावर असल्या उंच भिंतींना तसाही अर्थ राहिला नाही. तीस वर्षांचं युद्ध १६४८ ला संपलं आणि १६५० नंतरच्या दोनचार वर्षांत जे उभं होतं ते पाडून टाकलं. कोणी शत्रूने नाही, मालक असलेल्या ड्यूकच्याच हुकमाने. एकेक किल्ला जिवापाड जपला म्हणता ना, ते हे.

आज वर काय आहे? विहीर आहे, खंदक ओळखू येतो, भिंतींची जोती आहेत, काही ठिकाणी नंतर डागडुजी करून थोडी उंच केलेली. किल्ला डोळ्याने दिसत नाही, बोर्ड वाचत मनात उभा करावा लागतो. आपल्याकडे गड चढायची सवय असलेल्याला ते अवघड नाही, कुठे दरवाजा असेल, पाणी कुठून, दिंडी कुठे, नजर आपोआप शोधायला लागते. हेन्री विहिरीतल्या भुयारातून पळाला अशी दंतकथा इथेही सांगतात. प्रत्येक किल्ल्याला एक भुयार लागतंच, त्याशिवाय गाईडचं चालत नाही.

पण रिकामी जागा लोकांना बघवत नाही, हा इथला खरा किस्सा. किल्ला गेला आणि प्रत्येक पिढीने आपापलं काहीतरी आणून वर ठेवलं. १८७२ मध्ये जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क याचं कॅथलिक चर्चशी भांडण जुंपलं होतं तेव्हा तो संसदेत म्हणाला की काळजी करू नका, कानोसाला आम्ही जाणार नाही, म्हणजे पोपपुढे वाकणार नाही. झालं, हेन्रीचा किल्ला म्हणून हाच डोंगर निवडला आणि ऑगस्ट १८७७ मध्ये, कानोसाला बरोबर ८०० वर्षं झाली म्हणून, तिथे सुमारे १९ मीटर उंच दगडी स्तंभ उभारला आणि ते वाक्य त्यावर कोरलं. आणि पुढच्याच वर्षी बिस्मार्कने नव्या पोपशी बोलणी सुरू केली! १८८७ पर्यंत चर्चविरुद्धचे बरेचसे कायदे मागे घेऊन मोकळा. स्तंभ मात्र अजून तिथेच, वाक्यासकट.

दुसरं म्हणजे क्रोडो. १४९२ मध्ये छापलेल्या एका साक्सन बखरीत लिहिलंय की या डोंगरावर क्रोडो नावाच्या साक्सन देवाची मूर्ती होती आणि फ्रँक राजा शार्लमेनने ती फोडली. त्याआधीच्या सातशे वर्षांत या देवाचं नाव कुणाच्याच लिखाणात नाही, इतिहासकार हा देव बनावटच धरतात. पण आता डोंगरावर क्रोडोचा पुतळा पण आहे, हातात चाक, पायाखाली मासा, आणि लोक त्याच्यासोबत सेल्फी काढतात. ज्या चर्चसाठी अख्खं युद्ध पेटलं त्याच्या दगडांकडे कोणी वळून बघत नाही, खोट्या देवापुढे लाईन.

गावाच्या नावाला आणखी एक डाग आहे. ११ ऑक्टोबर १९३१ ला खाली गावात हिटलर, राष्ट्रवादी पक्षाचा नेता हुगेनबेर्ग आणि इतर उजव्या पक्षांची मोठी सभा झाली, इतिहासात ती ‘हार्त्सबुर्ग आघाडी’ म्हणूनच ओळखली जाते. त्याचा किल्ल्याशी संबंध नाही, पण जर्मनीत कुणाला हार्त्सबुर्ग म्हटलं तर जुन्या लोकांना आधी ते आठवतं, हेन्री नाही.

आता माझा मुद्दा. तुमच्या लेखात म्हटलंय की आपल्याकडेही नॉयश्वानस्टाइनसारखी पूर्ण पुनर्बांधणी करून गड ‘जिवंत’ करावेत. कृपा करून हा सल्ला जर्मनीच्या नावावर देऊ नका. १९व्या शतकात इथे हेच खूळ होतं, गोसलारचा राजवाडा पडायला आला होता, तो १८६८ पासून दुरुस्त केला ते चांगलंच झालं, पण आत भिंतीवर बार्बारोसासोबत तेव्हाच्या नव्या कैसरची, म्हणजे सम्राटाची पण भव्य चित्रं रंगवून ठेवली, त्यामुळे आज आत गेलं की अकरावं शतक शोधायला लागतं आणि कैसर समोर येतो. हार्त्सबुर्गवर नवीन बुरूज बांधले नाहीत म्हणून निदान खाली जे आहे ते खरं आहे एवढं तरी छातीठोक सांगता येतं. तटाचा ढासळता दगड सावरणं वेगळं, पाण्याची टाकी साफ करणं वेगळं, आणि मनाला वाटला तसा नवा बुरूज चढवून त्याला जुना म्हणणं वेगळं. पडलेल्या तटाला सिमेंट फासून वर रंग दिला की त्याचं लग्नाचं कार्यालय होतं, किल्ला होत नाही.

तेव्हा दोन विनंत्या. एक, पुढच्या रविवारी त्या फोटोओळीची दुरुस्ती छापा, ‘१८६९ नंतर बांधलेला महाल’ एवढं पुरे. दोन, कोणी वाचक जर्मनीत येणार असेल आणि म्युनिकच्या पॅकेज टूरमधून एक दिवस वाचवू शकला तर उत्तरेला या. ब्राउनश्वाइगहून थेट ट्रेन आहे, बाड हार्त्सबुर्ग शेवटचं स्टेशन. डोंगरावर १९२९ पासून रोपवे आहे, गुडघे दुखत असतील तर तो घ्या, नाहीतर चालत चढा, वाट झाडीतली आहे आणि आपल्या गडांच्या मानाने फारच सोपी. गोसलार पण त्याच दिवशी होतं. वर रेस्टॉरंट आहे, पण शाकाहारी असाल तर डबा न्या.

आपला,
एक वाचक
(मूळ पुणे, सध्या ब्राउनश्वाइग, जर्मनी)